अंग चोरणे : दलित स्वकथनांतील देहस्थिती आणि भावावस्था यांचा अनुबंध

मनात उठलेला भाव शरीरावर उमटतो, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्याची वेगळी चर्चा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. मराठी भाषेने तर ते आपल्या वाक्प्रचारांत केव्हाच साठवून ठेवले आहे. लाज वाटली की मान खाली जाते, धीर सुटला की हातपाय गळतात, दुःखाने कंबर खचते, निर्धार झाला की तीच कंबर कसली जाते, अभिमानाने छाती फुगते आणि स्वाभिमानी माणसाला कणा असतो. कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता मराठी वाचकाच्या मनात एवढी रुजली, याचे एक कारण असे की तिने या जुन्या भाषिक संचितालाच हात घातला होता. मात्र या वाक्प्रचारांच्या रांगेत 'अंग चोरणे' हा एक असा प्रयोग आहे, जो इतरांप्रमाणे सरळ नाही. अंग चोरून बसणे म्हणजे भीतीने, संकोचाने किंवा दबावाने स्वतःला आक्रसून घेणे. आणि अंग चोरणे म्हणजे कामचुकारपणाही. अंगचोर माणूस म्हणजे आळशी माणूस. एकाच शब्दसमूहात एकीकडे भेदरलेल्या शरीराचे वर्णन आहे आणि दुसरीकडे त्या शरीरावर ठेवलेला आरोप आहे. चोरी ही मालकाची वस्तू लांबवण्याची क्रिया होय. तेव्हा स्वतःचेच अंग 'चोरणाऱ्या' माणसाच्या अंगाचा मालक कोण, हा प्रश्न भाषेनेच उभा करून ठेवला आहे. दलित स्वकथने वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

दलित स्वकथनांच्या समीक्षेत शरीराची चर्चा झालेली नाही असे नाही. भूक, मार, रोग, घाण, श्रम या अंगांनी ती भरपूर झाली आहे. परंतु तेथे शरीर बहुधा अन्यायाचा पुरावा म्हणून येते. ते शरीर कसे उभे राहते, कोठे बसते, कोणासमोर किती वाकते आणि त्या वाकण्यातून त्याच्या आत कोणता भाव तयार होतो, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. अनुभवाच्या 'अस्सलपणा'ची चर्चा एवढी झाली की त्या अनुभवाची देहगत रचना तपासायची राहून गेली, असे म्हणावे लागते.

भाव आधी की देहस्थिती?

चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये माणूस व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा मुद्रा आणि अंगविक्षेप हे भावाचे बाह्य चिन्ह म्हणून त्याने पाहिले. १८८४ मध्ये विल्यम जेम्सने हा क्रम उलटा केला. आपण दुःखी होतो म्हणून रडतो ही सर्वसाधारण समजूत. जेम्सचे म्हणणे असे की शरीरात बदल आधी घडतो आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भाव. डेन्मार्कच्या कार्ल लांगे याने लगोलग, १८८५ मध्ये, याच दिशेचा सिद्धांत मांडल्याने तो दोघांच्या जोडनावाने ओळखला जातो. या सिद्धांतावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले; पण शरीराची ठेवण बदलली तर मनाची ठेवणही बदलू शकेल, ही शक्यता त्याने विचारात आणली.

एकविसाव्या शतकात या शक्यतेचा बाजारच भरला. २०१० मध्ये डेना कार्नी, एमी कडी व अँडी याप यांनी ४२ व्यक्तींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हातपाय पसरून, जागा व्यापून काही क्षण उभे राहिले किंवा बसले, तर माणसाला सामर्थ्याची जाणीव होते, एवढेच नव्हे तर त्याच्या शरीरातील संप्रेरकांचे प्रमाणही बदलते, असा त्याचा दावा होता. २०१५ मध्ये एव्हा रानेहिल व सहकाऱ्यांनी २०० व्यक्तींवर तो पुन्हा करून पाहिला. आपल्याला सामर्थ्य वाटले असे सांगणारे तेथेही होते, पण संप्रेरकांतील बदल आणि जोखीम घेण्याच्या वर्तनातील बदल आढळला नाही. २०१६ मध्ये स्वतः कार्नी यांनी या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. दाव्याची हवा गेली. तरी 'खांदे मागे, छाती पुढे' हा उपदेश व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांतून आणि शिबिरांतून काही गेला नाही.

या प्रयोगांची खरी मर्यादा आकडेवारीत नसून त्यांच्या मांडणीत आहे. तेथे शरीर एका खोलीत आणून ठेवलेले असते. त्याच्यासमोर पाटील नसतो, सासू नसते, सावकार नसतो. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९३४ मध्येच दाखवून दिले होते की चालणे, पोहणे, बसणे, झोपणे ह्या क्रिया नैसर्गिक वाटल्या तरी त्या समाजाने शिकवलेल्या असतात. उकिडवे बसण्याचे उदाहरण त्याने आवर्जून घेतले होते. ज्या समाजांत ही बैठक टिकली तेथे माणसे तिच्यात विसावतात आणि युरोपीय माणूस मात्र ती लहानपणीच गमावून बसतो, असे त्याचे निरीक्षण होते. मराठी मुलखात उकिडवे बसणे कोणालाही अपरिचित नाही. पण शेताच्या बांधावर उकिडवे बसणे वेगळे आणि वाड्याच्या ओट्याखाली उकिडवे बसणे वेगळे. बांधावर विसावा असतो. ओट्याखाली हाक येताच उठण्याची तयारी असते. देहस्थिती एकच, भाव दोन. मोसच्या मांडणीला ही भर दलित स्वकथने घालतात.

एका तालाची जागा

भारतीय परंपरेत भाव आणि देह यांच्या संबंधाचा सर्वांत तपशीलवार विचार नाट्यशास्त्रात झाला, हे सर्वश्रुत आहे. आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय असे आठ सात्त्विक भाव भरताने सांगितले. पुरुषपात्रांसाठी वैष्णव, समपाद, वैशाख, मंडल, आलीढ व प्रत्यालीढ अशी सहा स्थाने, म्हणजे उभे राहण्याच्या रीती, दिल्या. गतिप्रचाराच्या प्रकरणात रसानुसार चाल कशी बदलावी तेही सांगितले. मराठी प्राध्यापकवर्गाला हे सारे पाठ असते आणि परंपरेच्या सूक्ष्मतेचे कौतुक करण्यासाठी ते उद्धृतही केले जाते.

त्याच गतिप्रचारातील एक तपशील मात्र क्वचितच उद्धृत होतो. चालताना दोन पावलांतील अंतर किती असावे हे भरताने पात्राच्या योग्यतेवर ठरवून दिले आहे : देव व राजे यांच्यासाठी चार ताल, मध्यम पात्रांसाठी दोन ताल, आणि स्त्रिया व नीच पात्रांसाठी एक ताल. ताल म्हणजे बारा अंगुळे. हास्याचीही अशीच वाटणी आहे. स्मित व हसित उत्तमांचे, विहसित व उपहसित मध्यमांचे, अपहसित व अतिहसित अधमांचे. म्हणजे भाव सर्वांना समान असला तरी तो व्यक्त करण्यासाठी लागणारी जागा आणि रीत समान नाही. हे नाट्यसंकेत आहेत, समाजाचे कायदे नव्हेत, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो काही अंशी योग्यही आहे. परंतु प्रेक्षकाला राजा व सेवक पावलांवरून ओळखू येत असत, याचा अर्थ ती ओळख रंगमंचाबाहेरून आलेली होती. अंग चोरणे या वाक्प्रचाराचा शास्त्रीय अनुवाद करायचा झाला तर तो 'एक ताल' असाच करावा लागेल.

'जिणं आमुचं'मधील वाट

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' प्रथम 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. वीरगाव आणि फलटण परिसरातील महार समाजाचे जे चित्र त्यात आहे, त्यात देहस्थितीचे नियम इतक्या स्पष्टपणे नोंदवले गेले आहेत की त्या अंगाने हे पुस्तक एकमेवच ठरावे. वाटेने सवर्ण पुरुष येताना दिसला की महार स्त्रियांनी वाट सोडून बाजूला उतरायचे, पदराने अंग झाकून घ्यायचे, वाकून जोहार घालायचा. एखादी नवी नवरी, वयाने पोरच, हे विसरते. तो पुरुष संतापून महारवाड्यात जाब विचारतो आणि तिच्या सासरच्या माणसांना गयावया करावी लागते.

या प्रसंगात कोणाच्या मनात कोणता भाव आहे? नवरीच्या मनात अवमान करण्याचा हेतू नाही. तिला नियमाची सवयच लागलेली नाही. संताप करणाऱ्याला तिच्या मनाशी कर्तव्य नाही, तिच्या पाठीच्या कोनाशी आहे. सरळ पाठ हाच गुन्हा. आणि त्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून घरातील वडीलधारे आणखी खाली वाकतात. ते वाकलेले पाहून त्या मुलीच्या मनात जी भीती व शरम उत्पन्न होते, ती पुढे आयुष्यभर तिच्या पाठीला वाकवीत राहणार. जेम्सचा उलटा क्रम येथे प्रयोगशाळेबाहेर, अधिक क्रूर रीतीने, खरा ठरतो : आधी पाठ वाकवली जाते, मग नम्रता 'वाटू' लागते, आणि शेवटी ती नम्रता त्या जातीचा स्वभाव म्हणून सांगितली जाते.

बेबी कांबळे यांची दृष्टी एवढ्यावर थांबत नाही, आणि म्हणूनच त्यांचे लेखन निव्वळ फिर्याद होत नाही. येसकराची पाळी ज्याच्याकडे येते त्या महाराचे त्यांनी केलेले वर्णन पाहावे. घुंगरू लावलेली काठी, खांद्यावर घोंगडी आणि चालण्यात एक प्रकारचा रुबाब. दारोदार भाकरी मागायला निघालेला हा माणूस आपल्या वाड्यातून मात्र मानकऱ्यासारखा बाहेर पडतो. त्या काठीचे घुंगरू सवर्णाला सावध करण्यासाठीही वाजते. अभिमान आणि अस्पृश्यता एकाच वस्तूत, एकाच चालीत बसलेली आहे. ताठ चाल म्हणजे स्वाभिमान, असे सोपे समीकरण येथे कोलमडते. गुलामीलाही आपला एक ताठा असू शकतो, आणि लेखिकेने तो उपहास व माया यांच्या मिश्रणाने टिपला आहे.

दुसरे उदाहरण अंगात येण्याचे. आषाढातील देवीच्या वातावरणात एखादी स्त्री घुमू लागते, केस मोकळे सोडते, आवाज चढवते, आणि एरवी तिला राबवणारे घरातील लोक तिच्यासमोर हात जोडतात. एरवी पायात खोडा घालून सुनेला जखडणाऱ्या समाजात हा काही घटकांचा उलटा दरबार असतो. लेखिका त्याचे वर्णन रंगून करते, पण समर्थन करीत नाही. अंधश्रद्धेने समाजाचे जे नुकसान केले त्यावर ती कठोरपणे बोट ठेवते. या कठोरपणाशी पूर्ण सहमत होऊनही एक प्रश्न उरतो. ज्या स्त्रीला सरळ उभे राहण्याची मुभा घरात नाही आणि वाटेवरही नाही, तिच्या शरीराला मोकळे होण्यासाठी देवीचे निमित्त का शोधावे लागले? पुस्तक या प्रश्नापाशी थांबत नाही. प्रबोधनाच्या घाईत ते पुढे निघून जाते, आणि ही त्याची एक उणीव मानता येईल.

दगडू आणि दया

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये ग्रंथालीने प्रकाशित केले. त्यातील निवेदनाची रचना परिचित आहे : दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. ही दुहेरी रचना म्हणजे शिक्षित दलिताचे दुभंगलेपण, असे तिचे विवेचन बहुधा केले जाते. देहस्थितीच्या अंगाने पाहिल्यास त्यात आणखी काही दिसते. येथे एक शरीर सांगणारे आहे आणि एक ऐकणारे. गावात आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणाऱ्या, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव जाणाऱ्या समाजाची स्मृती दगडूच्या अंगात आहे. खुर्चीवर बसणारा, कार्यालयात काम करणारा, कविता लिहिणारा तो दया. खुर्चीवर बसल्याने आतला दगडू खुर्चीवर बसत नाही. मुंबईतील कावाखान्याचे वर्णन याच कारणासाठी महत्त्वाचे आहे. शहरात जोहार घालावा लागत नाही, वाट सोडावी लागत नाही; पण दाटीवाटीच्या खोलीत, कुटुंबाकुटुंबांच्या मध्ये पडदे लावून राहणाऱ्यांना अंग चोरावेच लागते. गावात जातीने जागा आखडली, शहरात जातीसोबत चौरस फुटाने. 'बलुतं'मधील नायकाचा जो एक सततचा संकोच, स्वतःबद्दलची चीड आणि अपराधी भाव आहे, त्याकडे दुबळेपणा म्हणून पाहणाऱ्या वाचकांनी हा आखडलेला अवकाश ध्यानात घेतलेला दिसत नाही.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) चित्र वेगळे आहे. रत्नागिरीच्या बाजाराकडे डोंगरवाट तुडवीत जाणाऱ्या, डोक्यावर ओझे घेतलेल्या फणसवळ्याच्या बायकांनी हे पुस्तक सुरू होते. डोक्यावर भार असला की मान ताठच ठेवावी लागते. ती वाकली तर भार पडेल. या ताठ मानेला स्वाभिमानाचे चिन्ह मानणे हास्यास्पद ठरेल. तरीही त्या बायकांचे बोलणे, हसणे, एकमेकींची थट्टा करणे यांतून त्या वाटेवर एक मोकळेपणा उभा राहतो, जो गावात शिरताच मावळतो. आणि घरात आयदान विणीत बसलेली आई. पतीच्या मृत्यूनंतर तिचे विणणे थांबत नाही. शोकाची बैठक आणि कामाची बैठक तिच्यापुरती एकच झालेली आहे. नाट्यशास्त्राने शोकाला वेगळी मुद्रा दिली. या आईला ती परवडणारी नव्हती.

ताठ होणे आणि पुन्हा वाकणे

आंबेडकरी चळवळीने देहस्थितीचा प्रश्न फार लवकर ओळखला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्याची कृती ही मुळात एक शारीरिक कृती होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी स्त्रियांसमोर बोलताना डॉ. आंबेडकरांनी लुगडे नेसण्याची जातिदर्शक पद्धत आणि जातीची खूण ठरलेले दागिने सोडून देण्यास सांगितले. यावर काही अभ्यासक वरवरच्या बदलाचा किंवा अनुकरणाचा आक्षेप घेतात. परंतु ज्या समाजव्यवस्थेत लुगड्याच्या उंचीवरून चालण्याची, बसण्याची आणि वाकण्याची मर्यादा ठरत होती, तेथे नेसण वरवरची नव्हती. जोहाराच्या जागी 'जय भीम' आला, तेव्हा केवळ शब्द बदलले नाहीत. तो म्हणताना वाकावे लागत नाही आणि समोरचाही तोच शब्द त्याच उंचीवरून परत करतो.

तथापि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर नवबौद्ध समाजाने बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून वंदन करणे स्वीकारले, ही गोष्टही ध्यानात घ्यावी लागते. जोहारापेक्षा हे शरीर अधिक खाली जाते. तरी त्यात शरम नाही. चोखामेळ्याच्या नावावरील जोहाराच्या रचनांमध्ये हीच धडपड शतकांपूर्वी दिसते. गावच्या धन्याला घालायचा जोहार तेथे विठोबाकडे वळवलेला आहे. वाकण्याचा कोन भाव ठरवीत नाही. न वाकण्याची मुभा होती की नव्हती, यावर तो ठरतो.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटातील एक प्रसंग याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जब्याचे कैकाडी कुटुंब गावासमोर डुक्कर पकडण्यासाठी धावत आहे. जब्या वर्गमित्रांच्या नजरेतून सुटण्यासाठी भिंतीआड लपतो, अंग चोरतो, आणि बापाच्या लेखी तो कामाचेही अंग चोरत असतो. वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ एकाच देहावर आदळतात. डुक्कर हाती लागणार तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब ताठ, निश्चल उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. समीक्षकांनी या प्रसंगातील उपरोधाची प्रशंसा केली आहे ती योग्यच आहे. पण उपरोधापलीकडे तेथे एक साधी वस्तुस्थिती आहे : दिवसभर वाकून धावणारी ही माणसे गावातील इतर सर्वांप्रमाणे, इतरांच्याच उंचीने उभी आहेत, आणि तेवढ्या वेळेची किंमत त्यांना स्वतःच्या पोटातून चुकवावी लागते.

वर्गातील बाक

ही चर्चा साहित्यापुरती ठेवणे शक्य नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचे काशीगाव आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. महानगराच्या अशा काठावरील महाविद्यालयांत पहिल्या पिढीचा विद्यार्थी येतो, मागच्या बाकावर बसतो, तोंडी परीक्षेत खुर्चीच्या कडेवर टेकतो आणि उत्तर माहीत असूनही खाली पाहत बोलतो. 'आत्मविश्वासाचा अभाव' असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो आणि कधी कधी गुणही त्याच शेऱ्याच्या मागे जातात. मग त्याला व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गात पाठवले जाते, जेथे ताठ बसायला आणि डोळ्याला डोळा भिडवायला शिकवतात. हे शिक्षण निरुपयोगी आहे असे नाही. परंतु जी देहस्थिती दोघांच्या किंवा दोन समाजांच्या संबंधांतून घडली, ती एकट्या विद्यार्थ्याचा दोष म्हणून दुरुस्तीला पाठवली जाते, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या शरीराची तपासणी होतच नाही. परीक्षक किती मागे रेलून बसला आहे, तो विद्यार्थ्याला बसा म्हणाला की नाही, नाव विचारल्यावर आडनावही विचारले का, या गोष्टींची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत नसते. 'बलुतं' अभ्यासक्रमात शिकवताना दगडूच्या संकोचावर दीर्घ उत्तरी प्रश्न घातला जातो आणि त्याच दिवशी दुपारी तोच संकोच समोर येऊन बसला तर तो ओळखला जात नाही.

बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले ते फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून. माल बांधण्यासाठी येणारी रद्दीची वर्तमानपत्रे त्या वाचत आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत. लिहिलेले कागद त्यांनी घरातील माणसांपासून, विशेषतः पतीपासून, सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. वाटेवर वाकायला लावणाऱ्यांविषयी त्या लिहीत होत्या आणि लिहिताना घरातल्यांपासून अंग चोरत होत्या.